मुकी घंटी

११ ऑगस्ट

पुण्याच्या सहा आठवड्यांच्या शिबिरात मेंटर साहेबांनी ही वही दिली. काळं कव्हर, आत गुळगुळीत पानं. म्हणाले, प्रत्येक फाउंडरनं रोज लिहायचं, प्रामाणिकपणे, आणि शक्यतो इंग्रजीत. इंग्रजीत लिहिलं तर मी सगळं गोडगोडच लिहिणार, एवढं मला माझं माहीत आहे. म्हणून मराठीत. आणि रोज तर मुळीच नाही, मला कामं आहेत.

तर प्रामाणिकपणे. मी आदिनाथ, वय अठ्ठावीस, मेंढपाळाचा पोरगा. केजला बसस्टँडमागं खताच्या दुकानावर एक खोली, तिच्यात दोन टेबलं, एक पंखा आणि भागवत. भागवत हॉस्टेलवर माझा रूममेट होता. कोड तो लिहितो, तोंड मी चालवतो. कंपनीचं नाव कळपाई. शेवटी एआय येतं म्हणून त्यानंच काढलं. मला आधी लाज वाटायची, आता सवय झाली.

काम सोपं आहे. मेंढीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात चिप. ती कुठं आहे, किती पावलं चालली, अंग तापलंय का, सगळं मोबाईलवर. ठीक असेल तर हिरवा ठिपका, ताप असेल तर लाल. लाल झाला की आम्ही आमच्या खर्चानं जनावरांचा डॉक्टर पाठवतो. हे मी आतापर्यंत सतरा फंडवाल्यांना समजावलं आणि सतराच्या सतरा जणांनी ‘इंटरेस्टिंग’ म्हणून फोन ठेवला. च्यायला, त्या शब्दाचाच आता राग येतो.

हातातले पैसे डिसेंबरपर्यंत पुरतील. भागवतनं लग्नासाठी ठेवलेले धरून.

२४ ऑगस्ट

गावाकडं जाऊन अण्णांच्या कळपाला पट्टे बांधले. अण्णा म्हणजे माझे वडील, आश्रुबा. आख्ख्या डोंगरपट्टीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी मेंढी विकत घेत नाही. अण्णांनी बांधला की बाकीचे बांधणार, हे माझं साधं मार्केटिंग.

अण्णांनी पट्टा कानाशी नेऊन हलवून बघितला.

"ह्यो वाजत न्हाई."

"वाजायचा नाहीच तो, अण्णा."

"मंग मुकी घंटी म्हण की." आणि तेच नाव पडलं. दुपारपर्यंत माय पण ‘मुकी घंटी’ म्हणायला लागली.

पहिला पट्टा चंद्रीला. चंद्री पुढं चालणारी मेंढी, कपाळावर पांढरा चट्टा. तिच्या गळ्यातली पितळी घंटी तिच्या आईची, त्याआधी आजीची. आता त्या घंटीखाली आमचा निळा पट्टा. फोटो भारी आला.

नोंदणीसाठी विचारलं, एकूण किती? अण्णा म्हणाले, "आमी मोजत न्हाई. मोजलं की कमी व्हतंय." कळप रात्री वाघुरीच्या जाळीत शिरला की त्यांना नुसत्या नजरेनं कळतं, कोण मागं राहिलंय ते. पट्टे किती संपले त्यावरून मीच हिशोब केला, चौसष्ट. मोठ्यानं बोललो तर मायनं पाठीत धपाटा घातला. अठ्ठावीस वर्षांच्या फाउंडरला.

९ सप्टेंबर

डोकं फिरलंय. अण्णांचं बघून अजून सहा कळपांनी पट्टे बांधले आणि पंधरा दिवसांत एकतीस लाल ठिपके, म्हणजे एकतीस वेळा डॉक्टर. पेट्रोल, फी, सुई. भागवत म्हणतो असंच चाललं तर डिसेंबर कशाला, दसऱ्यालाच कुलूप लावू. मी म्हणालो, मग आजारी जनावराला हिरवं दाखवू का बे? तो म्हणाला, तसं नाही, पण प्रत्येक ताप काय जीवघेणा असतो का? दोघंही ओरडत होतो. खालच्या दुकानदारानं वर येऊन बघितलं.

त्यातच मायचा फोन. चंद्री गेली. चार दिवस तापली होती, डॉक्टर सुई देऊन गेला, तरी गेली. अण्णा जेवले नाहीत. घंटी तिच्या पोटच्या पिवळीला घातली. आपल्यात मेलेल्याची घंटी रिकामी टांगून ठेवत नाहीत, लेकीच्या गळ्यात घालतात, म्हणजे तिची जागा चालती राहते. "दोनी घातल्या," माय म्हणाली, "वाजती बी आन् मुकी बी." मी बरं बरं म्हणालो. डोक्यात डॉक्टरची बिलं होती.

लहानपणी चंद्रीच्या आजीच्या पाठीवर बसायला गेलो आणि तोंडावर आपटलो, कपाळावर अजून खूण आहे. ते फोन ठेवल्यावर आठवलं. वाईट वाटलं.

२८ सप्टेंबर

भागवतला मिठी मारली आज. त्यालाही कसंसंच झालं.

सात कळपांचा सगळा डेटा त्यानं मशीनला खाऊ घातला. निघालं काय, तर ताप येतो, तीन-चार दिवस राहतो आणि मग एका दिवसात खाडकन उतरतो. दहापैकी नऊ वेळा. डॉक्टर गेला काय न गेला काय, सारखंच. म्हणजे बहुतेक ताप आपोआपच जातात! आपण उगाच पैसे जाळत होतो. आता मशीनच ठरवणार, कुठला ताप खरा. असले चार दिवसांचे ताप हिरवेच राहणार. डॉक्टरच्या फेऱ्या तीन-चतुर्थांश कमी.

आणि दुसरं. महिनाभरात सात कळपांत मेलेलं जनावर, शून्य. एकही ठिपका थांबलेला नाही. मी तर खुर्चीवरून उठलोच. म्हणालो, आपल्या मेंढ्या मरतच नाहीत बे!

नकाशावर भागवतनं एक गंमत दाखवली. अण्णांच्या कळपात दोन ठिपके कायम चिकटून चालतात, चंद्री आणि पिवळी. मायलेकी. तो म्हणाला, हे आपल्या सादरीकरणात टाकू, लोक रडतील. टाकलं.

१९ ऑक्टोबर

अठराव्या फंडानं ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं नाही. मुंबईच्या सायली मॅडम, माझ्याच वयाच्या, बोलणं फटाफट. त्यांनी एकच आकडा तीनदा विचारला, मृत्यू खरंच शून्य? मी तीनदा हो म्हणालो. मायलेकीच्या ठिपक्यांवर त्या थांबल्या, म्हणाल्या, "आदिनाथ, हे डेटा नाही, ही स्टोरी आहे." आज टर्म शीट आली. साडेतीन कोटी देऊ, असा इरादा लिहिलेला कागद. तपासणी झाली की दहा डिसेंबरला पैसे खात्यात. अट एक, तोवर चाळीस कळप जोडलेले पाहिजेत.

चाळीस! अण्णांचं नाव घेत दारोदार फिरतोय. काल नेकनूरला रतनबाईंकडं गेलतो. मायची लांबची बहीण, विधवा, बावीस शेळ्या, त्यांच्यावरच घर. तिनं पट्टा हातात घेऊन एकच विचारलं, "लेकरा, शेळी तापली तर कळंल का मला येळंवर?"

"मावशी, मोबाईलवर हिरवं आहे तोवर काही काळजी करायची नाही. लाल झालं की डॉक्टर दारात."

"मला वाचता येत न्हाई."

"रंग तर कळतो ना?"

ती हसली. तिचं पण झालं.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली, कळप खाली उतरले. दर वर्षीसारखं अण्णा, माय आणि घोडी सिरसाळ्याच्या बाजूला. काढलेल्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. यंदा रतनमावशी पण त्यांच्याच तळावर आहे. एकटी बाई कुठं फिरणार, म्हणून अण्णांनीच बोलावलं.

एक्केचाळीस कळप जोडले. नकाशा हिरवागार. जीव सुखावतो बघून.

२२ नोव्हेंबर



सकाळी सायली मॅडमच्या ऑफिसातल्या तपासणी करणाऱ्या पोराचा मेल. सभ्य, दोन ओळींचा. चंद्री आणि पिवळी यांची पावलं आठ सप्टेंबरपासून रोज तंतोतंत सारखी आहेत, एका पावलाचाही फरक नाही, हे कसं? मला हसू आलं. म्हटलं, शहरातलं पोर, मायलेकींचं त्याला काय कळणार. गंमत म्हणून मायला फोन लावला. विचारलं, चंद्री आणि पिवळी कशा चालतात गं?

"चंद्री?" माय म्हणाली. "आरं, ती कवाच गेली की. तुला सांगितलं व्हतं."

ही वही मागं उलटली. नऊ सप्टेंबर. मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. वाजती बी आन् मुकी बी.

मग मायला सगळंच विचारलं. चंद्रीनंतर अजून पाच गेल्या. सगळ्यांच्या मुक्या घंट्या लेकींच्या गळ्यात. तळावरचे बाकीचे? "आपल्यात समदेच घालत्यात की. रिकामी कोण टांगून ठिवंल?"

म्हणजे ताप उतरत नव्हता. मेंढी मरत होती आणि पट्टा निरोगी लेकीच्या गळ्यात जात होता. मशीननं तेच शिकलं. चौथ्या दिवशी ताप उतरतो! आणि आता एक्केचाळीस कळपांना ते चार दिवस हिरवं दाखवतंय. मी मेंढपाळाचा पोरगा. मुंबईच्या त्या पोराला जे आकड्यात दिसलं, ते मला घरच्या रीतीत दिसलं नाही.

भागवतला सांगितलं. त्यानं उठून खोलीचं दार लावलं. मग म्हणाला, "दहा तारखेला पैसे येतेत. अकराला सगळं दुरुस्त करू. आज तोंड उघडलं तर पैसे बी गेले आन् दुरुस्ती बी गेली. कंपनीच न्हाई राहिली तर दुरुस्त काय करतो बे?"

 तपासणीच्या पोराला उत्तर लिहिलं, एक पट्टा सैल होता, दुसऱ्याची पावलं मोजत होता. त्यानं ‘थँक्स’ लिहिलं.

२३ नोव्हेंबर

अण्णांना फोन केला. म्हणालो, अण्णा, कुणाचं अंग तापलं तर मोबाईलवर जाऊ नका, लगेच डॉक्टर बोलवा.

"कावून? मोबाईल हिरवा हाय की."

"मशीनमध्ये थोडं बिघडलंय. दोन आठवड्यांत करतो नीट."

अण्णा म्हणाले, "रतनबाईच्या दोन शेळ्या परवापून तापल्यात. तिला बी हिरवंच दावतंय. ती तुज्या भरवशावर बसली."

 थंडीत इकडं बुळकांडी येते. ताप, मग नाक गळतं, मग हगवण, मग संपलं. पहिल्या दोन दिवसांत आजारी वेगळी काढली आणि बाकीच्यांना लस टोचली, तरच कळप वाचतो. मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे हे.

"अण्णा, तुम्ही तुमचा तळ जरा लांब न्या."

"एका तळावर ऱ्हाऊन तिला कावून येगळी टाकू? तिला बी सांगावं लागंल. मी सांगू का, का तू सांगतो?"

अण्णांनी सांगितलं तर तळाला कळलं, तळाला कळलं तर एक्केचाळीस कळपांना कळलं, आणि मॅडमचा एक माणूस तर परळीतच बसून मेंढपाळांना फोन लावतोय.

"मी सांगतो," मी म्हणालो. "तुम्ही नका बोलू, मी नीट समजावून सांगतो."

"आजच सांग," अण्णा म्हणाले.

२४ नोव्हेंबर

सांगितलं नाही. उद्या.

२७ नोव्हेंबर

स्वतःच्या खिशातून डॉक्टर पाठवायचा विचार केला. पण डॉक्टर आमचाच, त्याच्या फेऱ्यांची यादी तपासणीवाले रोज मागतात. दुसऱ्या डॉक्टरचा नंबर काढला, लावला नाही. कदाचित त्या दोन शेळ्यांना नुसतं थंडीचं झालं असेल. शेळ्यांना होतं.

भागवत लाल ठिपके परत सुरू करायचा कोड लिहून तयार ठेवतोय. अकरा तारखेला एक बटण दाबायचं. तो रोज मला ते बटण दाखवतो.

२ डिसेंबर

रतनमावशीचा फोन आला. स्वतःहून. मी बाहेर जिन्यात जाऊन घेतला.

"लेकरा, लई तरास देती तुला. चार शेळ्यांच्या नाकातून पाणी चाललंय. खात न्हाईत. पर मोबाईल हिरवाच हाय. सिरसाळ्याचा डागदर आणू का? आश्रुबा म्हणतेत, आदिनाथ सांगंल तसं कर."

आज्याबापाच्या शपथेवर सांगतो, तोंडात ‘आणा’ हाच शब्द होता. तेवढ्यात आतून भागवतनं हाक मारली, मॅडम व्हिडिओवर आल्या, ये लवकर.

"थांबा मावशी, दोन दिवस बघू," मी म्हणालो. "हिरवं आहे ना?"

"हिरवं हाय."

"मग झालं."

"तू म्हणतो तर थांबते."

मॅडमनी विचारलं, चेहरा का असा? मी म्हणालो, झोप कमी होते. त्या म्हणाल्या, सगळ्या चांगल्या फाउंडरांची होते.

हे लिहून तरी काय होणार आहे? मेंटर साहेब म्हणाले होते, लिहिल्यानं मन हलकं होतं. काही होत नाही.

६ डिसेंबर

करारावर सह्या चालू असताना मायचे तीन मिस्ड कॉल. नंतर लावला तर बंद. अण्णांचा बंद. रतनमावशीचा वाजतो, उचलत नाही.

अण्णांचं पान उघडलं. परवा सव्वीस जणांना ताप होता. आज एकालाही नाही.

मला माहीत आहे ताप उतरण्याचा अर्थ काय असू शकतो. पण सव्वीस एकदम कशा मरतील? सुई दिली असेल अण्णांनी. अण्णा काय माझ्या मोबाईलवर विसंबणारे आहेत? चाळीस वर्षं कळप सांभाळलाय त्यांनी. या वेळी खरंच उतरला असेल.

रतनमावशीचं पान मी उघडत नाही.

१० डिसेंबर

आले. अकरा वाजून चार मिनिटांनी. भागवत मोबाईल हातात धरून खाली बसला आणि रडला. मी पण. खालच्या दुकानदाराला पेढे दिले.

आणि देवाची करणी बघा, त्याच वेळी नकाशावर अण्णांचा कळप हलला! काल रात्रीपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट ठिपके एका जागी थांबलेले होते, माझा जीव टांगणीला. आज सकाळी निघाले, सिरसाळ्याहून तेलगावच्या दिशेनं. घरी येतायत. मुदतीच्या दोन महिने आधी, म्हणजे अण्णांनी आजार ओळखून तळ सोडला. मी म्हणालो होतो ना, अण्णा आहेत ते!

मॅडमना फोनवर सांगितलं. त्या उडाल्याच. म्हणाल्या, फाउंडरच्या वडिलांचा कळप, फंडिंगच्या दिवशी घराकडं निघाला, याहून भारी काय? त्या स्वतः तेरवा कॅमेरावाला घेऊन केजला येणार आहेत.

लाल ठिपक्यांचं बटण भागवत आजच दाबत होता. मी म्हणालो, तेरा तारखेचं शूटिंग होऊ दे. नकाशा हिरवा राहू दे तोवर.

१२ डिसेंबर

धारूरच्या घाटात आहेत. किती गोळा धरून चालतायत! चौसष्ट ठिपके एकमेकांवर चढून एकच मोठा ठिपका दिसतोय. रस्त्यावर गाड्या असतात, अण्णा लई दाबून चालवत असतील. चाल पण नेहमीपेक्षा जास्त आहे. मेंढ्या धडधाकट असल्याशिवाय एवढं चालत नाहीत.

अंग मात्र सगळ्यांचं गार दाखवतंय. डिसेंबर आहे, घाटात वारा असतो. ताप तर नाही ना एकालाही, मग बास.

अण्णांसाठी नवीन पटका आणि मायला लुगडं घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा किंमत न विचारता घेतलं.

रतनमावशीला उद्यानंतर भेटायला जाणार. नक्की.

१३ डिसेंबर

सगळं आहे तसं लिहितो.

दहा वाजता मॅडमची गाडी आली. धारूर रस्त्यावर फाट्याला थांबलो. कॅमेरावाल्यानं तिवई लावली. मॅडम मोबाईलवर नकाशा बघत होत्या, ठिपका दीड किलोमीटरवर. त्या अगदी लहान पोरीसारख्या खूश. म्हणाल्या, "आदिनाथ, हे बघ ना, काय शिस्त आहे! चौसष्टही जणांची आजची पावलं एकसारखी. नऊ हजार आठशे बारा. सगळ्यांची!"

मी मोबाईल घेतला. खाली सरकवत गेलो. नऊ हजार आठशे बारा. नऊ हजार आठशे बारा. चंद्री, पिवळी, सगळ्यांची. भागवतनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

कॅमेरावाला म्हणाला, सर, धूळ कुठं दिसत नाही?

वळणावर अण्णा आले. मागं माय, घोडीची दोरी धरून. घोडीवर वाघूर गुंडाळलेली, भांडी. रस्त्यावर दुसरं काही नव्हतं. अण्णांच्या पाठीवर खताचं पांढरं पोतं, आणि चालताना पोत्यातून पितळी घंटी वाजत होती.

मॅडमना काही कळलं नाही. त्या हात जोडून पुढं गेल्या, "नमस्कार काका, कळप मागं आहे का?" अण्णांनी पण हात जोडले. म्हणाले, "बसा बाई. लांबून आल्यासा." मग माझ्यासमोर येऊन पोतं डांबरावर उपडं केलं. निळे पट्टे. काहींवर लोकर चिकटलेली, काहींवर वाळलेली घाण. सगळ्यांच्या चिपचे बारके हिरवे दिवे चालू.

"शेवटी एकीच्या गळ्यात धा-धा झाले," अण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा. "मंग ती बी गेली. आता कुणाच्या गळ्यात घालू?"

माय माझ्याकडं बघत नव्हती. घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिली.

"घे मोजून," अण्णा म्हणाले. "आता मोजलं तरी काय व्हत न्हाई."

मी खाली बसलो. काय करावं ते कळत नव्हतं म्हणून खरंच मोजायला लागलो. कॅमेरावाल्याचा लाल दिवा चालू होता, मॅडम त्याला बंद कर, बंद कर म्हणत होत्या. साठ झाले. चौसष्ट झाले. तरी ढिगारा संपला नव्हता. मोजत गेलो. शहाऐंशी भरले.

चौसष्ट आणि बावीस.

"मावशी कुठंय?" मी विचारलं.

"गेली तिच्या भावाकडं," माय म्हणाली. 

अण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी ढिगातून चंद्रीची घंटी काढून घेतली, सदऱ्याला पुसली. मग विचारलं, रागानं नाही, कालपरवाची एखादी बारीक गोष्ट विचारावी तसं.

"तू म्हणला व्हतास, मी सांगतो. म्हणून मी बोललो न्हाई तिला. तू सांगितलं व्हतंस ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पट्टे परत पहिल्यापासून मोजायला लागलो.